सातव्या दिव्याखालची कुंडी

पाहुण्यानं दारातल्या पायपुसण्यावर बूट एकदा पुसले, दुसऱ्यांदा पुसले. तिसऱ्यांदा पुसायला लागला तेव्हा भाऊजींना राहवलं नाही.

"अहो, या आत. आता त्या पायपुसण्याचीच झीज व्हायची."

पाहुणा आत आला आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. साठीचा, उंच, शर्टाची वरपर्यंत लावलेली बटणं. अशी माणसं खोटं बोलत नाहीत, असं भाऊजींनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. माणसाबद्दल झटपट मत बनवण्यात भाऊजींचा हात कोणी धरला नसता. ते मत चुकण्यातही नाही.

भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर, भूगोल शिकवून निवृत्त झालेले. वहिनींनी बावीस वर्षं विमा कंपनीसाठी खोटे दावे हुडकले होते. नवरा गेल्यावर घराच्या पुढच्या खोलीला त्यांनी 'खाजगी तपास' अशी पाटी लावली, आणि तेव्हापासून भाऊजी रोज सकाळी इथं येऊन बसत. त्यांच्या मते मदतीला, वहिनींच्या मते चहाला.

"मला सगळे सरच म्हणतात," पाहुणा म्हणाला. "संशोधन संस्थेत असतो. पदार्थविज्ञान. या महिन्याच्या शेवटी निवृत्त होतोय."

"आणि अडचण?"

"अडचण माझी नाही. आमच्याकडे शेतीशास्त्राची एक मुलगी आहे. सगळे तिला बियाणेबाई म्हणतात. उद्या अकरा वाजता चौकशी समिती तिला काढून टाकणार आहे. प्रयोगात लबाडी केली म्हणून. आणि ती तिनं केलेली नाही."

"माहीत आहे, की वाटतं?" वहिनींनी विचारलं.

"माहीत आहे," सर म्हणाले. "हे तुम्ही समितीला पटवून द्या. बाकी मला काही नको."

मग त्यांनी हकीकत सांगितली. पाण्यातून विजेच्या ठिणग्या सोडल्या की ते पाणी काही काळ बदलतं, याच्यामागे सर तीस वर्षं होते. लोक हसत होते. मग एका इंजिनिअरनं त्यासाठी यंत्र बनवलं. संस्थेच्या दवाखान्यातले डॉक्टर त्या पाण्यानं न भरणाऱ्या जखमा धुऊन बघायला लागले. आणि बियाणेबाईंनी त्यात बी भिजवलं. कमी पाण्यातही अशी रोपं तग धरतात, असं त्यांना दिसलं.

"पण एकदा दिसणं पुरत नाही. समितीनं पक्की परीक्षा मागितली. बारा कुंड्या. सहांत ठिणगीच्या पाण्यातलं बी, सहांत साध्या पाण्यातलं. कुठलं कुठं हे बियाणेबाईंना कळता कामा नये, म्हणून यादी इंजिनिअरनं केली, लिफाफ्यात घातली, डॉक्टरांनी लाखेचा शिक्का मारला, आणि लिफाफा माझ्या कपाटात. एक तारखेला कुंड्या मांडल्या. दहा तारखेपासून पाणी अर्ध्यावर आणलं. वीस तारखेला माझ्या खोलीत सगळ्यांसमोर लिफाफा फोडला आणि बियाणेबाईंच्या निकालाच्या तक्त्याशी ताडून पाहिला."

"शिक्का शाबूत होता?"

"पूर्ण. यादीत आमचं बी होतं एक, चार, पाच, आठ, दहा आणि अकरा नंबरच्या कुंड्यांत. आणि तरारलेल्या होत्या एक, दोन, पाच, सात, आठ, दहा! समितीनं माती तपासली. काल निकाल आला. त्याच सहा कुंड्यांत कोणीतरी खत विरघळवून ओतलंय." सरांनी हात चोळले. "दोन आणि सात! कालपासून डोक्याचा भुगा झालाय माझ्या. दोन आणि सातमध्ये खत गेलंच कसं?"

वहिनींनी वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि खाली रेघ मारली. वहिनी रेघ मारतात तेव्हा त्यांना काहीतरी आवडलेलं असतं, एवढं भाऊजींना ठाऊक होतं. काय आवडलं ते नेहमीप्रमाणे कळलं नाही.

झाडांची खोली संस्थेच्या मागच्या अंगाला होती. खिडकीपर्यंत गेलेलं एक लांब टेबल, त्यावर एका ओळीत बारा कुंड्या, प्रत्येकीवर एकेक दिवा. दिव्यांवर एक ते बारा आकडे ठळक रंगवलेले होते.

बियाणेबाई टेबलापाशीच उभ्या होत्या. तिशीच्या, डोळे सुजलेले, आवाज मात्र करवतीसारखा.

"सरांनी पाठवलंय ना? बघा काय बघायचं ते. समितीनं सगळं जसंच्या तसं ठेवायला सांगितलंय. या कुंड्यांपायी मी तीन वर्षं घरी धड जेवले नाही आणि आता म्हणे मीच खत घातलं!"

"तुम्हांला कुणाचा संशय?"

"सगळ्यांचा," त्या म्हणाल्या. "सर सोडून."

भाऊजी तोवर कामाला लागले होते. ते थेट सातव्या दिव्याखाली गेले, वाकले आणि विजयी मुद्रेनं वळले. "वहिनी, इथंच पाणी मुरतंय बघा! सात नंबरला खत मिळालं म्हणतात आणि हे रोप तर माना टाकून बसलंय. समिती धादांत खोटं बोलतेय!"

कोपऱ्यात झारी धुणारे माळीकाका खो खो हसले. "ती सात नाही हो साहेब, ती नऊ आहे. उचलून बघा."

भाऊजींनी कुंडी उचलली. तळाला बारीक अक्षरात नऊचा आकडा होता.

"वरचा नंबर दिव्याचा," माळीकाका म्हणाले. "कुंडीचा तिच्या बुडाला. मोजणाऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून. आणि कुंड्या एका जागी थोड्याच असतात! खिडकीकडं उजेड जास्त, दाराकडं वारा. एकीचे लाड नि दुसरीचे हाल नकोत, म्हणून रोज सकाळी सगळ्या एकेक घर पुढं. बाराव्या दिव्याखालची उचलायची नि पहिल्याखाली आणायची. दोन तारखेपासून एक दिवस चुकलो नाही. आज तेवीस. थांब म्हणून कोणी सांगितलं नाही, म्हणून आजही केलं."

भाऊजी ओशाळले. वहिनी मात्र त्यांच्याकडे अशा कौतुकानं बघत होत्या की भाऊजींना वाटलं, चेष्टाच चाललीये.

"भाऊजी, आजचा चहा तुम्ही कमावलात," त्या म्हणाल्या. "आता तुम्हांला कुणाचा संशय?"

"माळ्याचा. फार हसतो."

खोलीची किल्ली फाटकावरच्या रखवालदाराकडे असे आणि कोणी नेली की तो वहीत टिपून ठेवी. बियाणेबाई आणि माळीकाका रोज. त्यांच्याखेरीज, लिफाफा फोडेपर्यंत, एक तारखेला इंजिनिअर, सातला डॉक्टर, बाराला पुन्हा इंजिनिअर, आणि सोळाला दुपारी जेवणाच्या सुट्टीत सर. चार नोंदी, बस्स.

"इंजिनिअर दोनदा!" भाऊजी कुजबुजले. "आणि यादी त्याच्याच हातची."

इंजिनिअर यंत्रशाळेत तारांच्या गुंत्यात बसलेला होता आणि त्याच्या नाकाला आधीच मिरच्या झोंबलेल्या होत्या.

"हो, यादी मला माहीत होती. मीच केली. म्हणून काय मला फासावर देता? यंत्र माझं, घाम माझा, आणि लेखावर नाव सगळ्यांत शेवटी माझं. राग आहेच मला, लपवत नाही. पण खत कशाला घालू?"

"बारा तारखेला कशाला गेला होतात?"

"तारा जोडायला! मातीतली ओल मोजायला प्रत्येक कुंडीत तार खोचलीये मी. तो माळी रोज कुंड्या सरकवतो आणि माझ्या तारा उपटून निघतात. त्याला किती वेळा सांगितलं, बाबा रे, सरकवताना तार सैल सोड. ऐकेल तर शपथ."

बाहेर पडल्यावर भाऊजी म्हणाले, "बघितलंत, किती तावातावानं बोलला? मनात काळंबेरं असल्याशिवाय माणूस असा भडकत नाही."

"तुमच्या भावानं भाजीत मीठ कमी पडलं की याहून जास्त आवाज चढवला असता," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टर हसतमुख होते आणि नेमकं तेच भाऊजींना खटकलं. त्यांच्या खोलीबाहेर पायाला पट्ट्या बांधलेली चार माणसं बाकावर बसली होती.

"महिनाभर यंत्र त्या कुंड्यांच्या कामाला अडकलंय," डॉक्टर म्हणाले. "माझे हे लोक ताटकळलेत. एकाचा अंगठा काढायची पाळी आली होती, या पाण्यानं वाचला. उद्या समितीनं सगळंच बंद केलं तर यांना काय सांगू? तुम्ही मला संशयित म्हणून विचारताय ना? खुशाल विचारा."

"यादी पाहिली होतीत?"

"बंद लिफाफ्यावर शिक्का मारला, एवढंच."

"आणि सात तारखेला?"

"सहज गेलो होतो. सकाळी आमचे माळीबुवा कुंड्यांची अदलाबदल करत होते. मी म्हटलं, बरं आहे बुवा तुमचं, मी पेशंटला रोज खाट बदलायला लावली तर मला मारतील!" डॉक्टर मोठ्यानं हसले आणि मग त्यांनी आवाज खाली आणला. "ती पोरगी खोटं करणारी नाही हो."

शेवटी सरांची खोली. लिफाफा आणि यादी त्यांच्या कपाटातच होती. टेबलावर बारीक मापं वाचण्यासाठी एक दिवा होता, इतका प्रखर की भाऊजींनी डोळ्यांवर हात घेतला. वहिनींनी रिकामा लिफाफा उलटसुलट केला, यादी त्यात सरकवली, पुन्हा बाहेर काढली.

"कागद पातळ आहे," त्या म्हणाल्या.

"कार्यालयात मिळतो तोच," सर म्हणाले. "काही समजलं का? तिला वाचवता येईल?"

"येईल. पाच वाजता सगळ्यांना झाडांच्या खोलीत बोलवा. तुम्हीही या."

पाच वाजता खोलीत सहा माणसं एकमेकांच्या नजरा चुकवत उभी होती. इंजिनिअर डॉक्टरांकडे तिरकं बघत होता, डॉक्टर इंजिनिअरकडे, आणि भाऊजी सगळ्यांकडे. सर दारापाशी होते. वहिनी तेवढ्या स्टुलावर आरामात बसलेल्या.

"आपण सगळे शत्रू शोधत बसलो," त्या म्हणाल्या. "पण शत्रू खत कशाला घालेल? झाड मारायचं तर मीठ पुरतं. खत घालणाऱ्याला झाडं वाढायला हवी होती. हा प्रयोग यशस्वी व्हावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेला माणूस होता तो."

"म्हणजे मीच!" बियाणेबाई उसळल्या. "समितीही तेच म्हणते."

"थांबा. यादीत सहा कुंड्या आणि खतही सहालाच. म्हणजे त्याला यादी माहीत होती. पण दोन कुंड्या चुकल्या. माळीकाका, आज सकाळची मांडणी आहे ना? आता एकेक दिवस मागे चला. पहिल्या दिव्याखालची कुंडी बाराव्याखाली, बाकीच्या एकेक घर मागे."

माळीकाकांनी कुंड्या सरकवल्या. इंजिनिअर नकळत तारा सैल करायला धावला.

"ही बावीस तारीख. तरारलेल्या कुंड्या यादीतल्या आकड्यांखाली आहेत? एक, चार, पाच, आठ, दहा, अकरा?"

"नाही," भाऊजी म्हणाले.

एकवीस. नाही. वीस, एकोणीस, अठरा, सतरा. नाही. माळीकाकांच्या कपाळावर घाम आला होता. सातव्यांदा कुंड्या सरकल्या आणि भाऊजींच्या तोंडून "अरेच्चा!" निघून गेलं.

पहिल्या दिव्याखाली तरारलेलं रोप. चौथ्या, पाचव्या, आठव्या, दहाव्या, अकराव्या दिव्याखालीही. बाकी एकाही नाही.

"सोळा तारीख," वहिनी म्हणाल्या. "त्या माणसानं दिव्याचा नंबर हाच कुंडीचा नंबर समजून खत घातलं. सकाळी भाऊजींनी केली तीच चूक. बारा घरं असल्यानं चार तारखेलाही हीच मांडणी होती, पण तेव्हा कोंबसुद्धा वर आले नव्हते आणि त्या दिवशी बाहेरचं कोणी किल्ली घेऊन आलं नाही. आता सांगा, कुंड्या रोज हलतात हे कोणाला माहीत होतं? बाईंना, त्यांचीच पद्धत आहे. माळीकाकांना. इंजिनिअरसाहेबांना, त्यांच्या तारा तुटतात. डॉक्टरांना, त्यांनी तर विनोद केला होता. यांतल्या कोणालाही खत घालायचं असतं तर ते बरोबर कुंडीत गेलं असतं. माहीत नसलेला माणूस एकच. आणि सोळा तारखेला किल्लीही त्यानंच नेली."

कोणीच मागे वळून बघेना. सकाळी ती वरपर्यंत लावलेली बटणं बघून भाऊजींनी या माणसाला पास करून टाकलं होतं.

"तुम्ही आलात तेव्हाच मला खटकलं, सर," वहिनींचा आवाज मऊ झाला. "सहा कुंड्यांत खत सापडलं, तर कोणीही सहांचं नवल करेल. तुम्हांला नवल फक्त दोन आणि सातचं. बाकी चारांत ते कसं गेलं हा प्रश्न तुम्हांला पडलाच नव्हता."

"शिक्का मी मोडला नाही," सर इतकंच म्हणाले.

"मोडायचं काय कारण? पातळ कागद आणि तुमच्या टेबलावरचा तो दिवा. लिफाफा नुसता समोर धरला की आकडे वाचता येतात. खरं ना?"

सर भिंतीला टेकले. "पंधरा तारखेला राहवलं नाही मला. महिनाअखेर जाणार होतो. तीस वर्षं लोक हसले, जाता जाता तरी... सोळाला फक्त बघायला आलो होतो. खरंच फक्त बघायला. यादीतली सहा बघितली, तर त्यांत दोन मलूल. आणि ज्यांना आमचं पाणी मिळालंच नव्हतं, त्यांत दोन छान उभी! म्हटलं, संपलं. सगळं खोटं होतं. दारामागं खताची बरणी होती. सहा पेले ओतले."

"सर," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही चुकीच्या कुंड्या बघत होतात. माळीकाका, चार आणि अकरा नंबर काढा. बुडाचे नंबर. आणि तीन, सहा, नऊ, बारा."

सहा कुंड्या वेगळ्या झाल्या. खत न मिळालेल्या सहा. त्यांतली चार रोपं माना टाकून बसली होती. चार आणि अकरा नंबरची मात्र ताठ होती, तरारलेली नव्हेत, पण हिरवी आणि ताठ.

"ठिणगीच्या पाण्यातलं बी, वर खत नाही," वहिनी म्हणाल्या. "सोळा तारखेला छान उभी दिसली ती हीच दोन. तुमचं पाणी काम करत होतं सर, आणि ते तुमच्या डोळ्यांसमोर होतं."

सरांनी त्या दोन रोपांकडे पाहिलं आणि तोंडावर हात घेतला. साठ वर्षांचा माणूस सगळ्यांसमोर हुंदके देत रडला. डॉक्टरांनी खुर्ची सरकवली, पण ते बसले नाहीत.

"उद्या मला हाकलणार होते," बियाणेबाई म्हणाल्या. करवत आता बोथट झाली होती. "सगळ्यांवर संशय घेतला मी, तुम्हांला सोडून. एवढाही विश्वास नव्हता माझ्यावर?"

"तुझ्यावर होता गं," सर म्हणाले. "माझ्या पाण्यावर नव्हता."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता समितीपुढे सरच बोलले. काही लपवलं नाही. बारा वाजता बियाणेबाई नोकरीसकट बाहेर आल्या. सरांचा निरोप समारंभ रद्द झाला आणि लेखावरचं त्यांचं नाव त्यांनी स्वतःच खोडलं. दोन कुंड्यांवर शास्त्र ठरत नाही, म्हणून परीक्षा पुन्हा, या वेळी अठ्ठेचाळीस कुंड्यांची. डॉक्टरांना यंत्र आठवड्यातून तीन दिवस मिळालं.

वहिनी आणि भाऊजी निघण्याआधी झाडांच्या खोलीत डोकावले. सर तिथं होते, हातात टोपी घेऊन, बाहेरच्या माणसासारखे.

"नव्या कुंड्या लावशील तेव्हा," ते बियाणेबाईंना म्हणत होते, "मी आलो तर चालेल?"

माळीकाकांनी उगाचच धुतलेली झारी परत धुतली.

"या," शेवटी त्या म्हणाल्या. "रोज सकाळी या. अठ्ठेचाळीस कुंड्या सरकवायला काकांना जोडीला हात लागेलच. पण लिफाफा आता तुमच्याकडे राहणार नाही. तो या भाऊजींकडे राहील."

"माझ्याकडे?" भाऊजी चपापले.

"अगदी योग्य," वहिनी म्हणाल्या. "यांनी वाचला तरी यांना काही कळायचं नाही."

कोणीतरी हसलं. सर हसले नाहीत. ते टेबलाशी गेले, सातव्या दिव्याखालची कुंडी दोन्ही हातांनी उचलली आणि वाकून तिच्या बुडाचा आकडा वाचला.